लग्नाच्या कागदाआडची खरेदी

नांदेडला परदेशातून माणसे येतात ती तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या दर्शनाला. ब्रिटन, कॅनडा, अमेरिकेत स्थायिक झालेली शीख कुटुंबे गोदावरीकाठी उतरतात, लंगरात जेवतात आणि परत जातात. लातूर परिसराने परदेशी माणसे मोठ्या संख्येने पाहिली ती ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर, मदतकार्याच्या निमित्ताने. गोवा किंवा बँकॉक म्हटले की देहव्यापारावर चालणारे जे पर्यटन डोळ्यांसमोर येते, ते या दोन जिल्ह्यांत नाही. तरीही हा विषय इथल्या वाचकांनी नीट समजून घ्यायला हवा असे मला वाटते. या व्यवहाराला दोन टोके असतात. गिऱ्हाईक उतरते ते एक टोक आणि मुलगी निघते ते दुसरे. पहिले टोक हैदराबाद, मुंबई, गोवा अशा शहरांत असते. दुसरे टोक असते कोरडवाहू तालुक्यांत, स्थलांतर करणाऱ्या वस्त्यांत आणि कर्जाने वाकलेल्या घरांत. बातमी पहिल्या टोकाची होते, पण मुलगी वाचते ती दुसऱ्या टोकाला.

आपल्या सर्वांत जवळचे आणि सर्वांत बोलके उदाहरण हैदराबादचे आहे. नांदेडहून रात्री गाडीत बसले की सकाळी सिकंदराबाद येते. नांदेडचा रेल्वे विभागही सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेत मोडतो. उदगीर, देगलूर, बिलोली या तालुक्यांतल्या कितीतरी घरांचे दवाखाने, बाजार आणि सोयरिकी हैदराबादेत आहेत. त्याच हैदराबादच्या जुन्या शहरात गेली कित्येक दशके एक व्यवहार चालत आला आहे. आखाती देशांतून आलेला वयस्क पाहुणा गरीब घरातल्या कोवळ्या मुलीशी निकाह लावतो, काही दिवस किंवा काही आठवडे तिच्याबरोबर राहतो आणि निघून जातो. वर्तमानपत्रांनी त्याला ‘कॉन्ट्रॅक्ट मॅरेज’ म्हटले. मराठीत आपण त्याला करारलग्न म्हणू.

१९९१ सालचे विमान

ऑगस्ट १९९१ मध्ये हैदराबादहून दिल्लीला जाणाऱ्या विमानात एक लहान मुलगी रडत होती. तिच्या शेजारी साठीच्या घरातला एक सौदी नागरिक बसला होता. हवाई सुंदरीने चौकशी केली तेव्हा तो आपला नवरा असल्याचे आणि आपल्याला त्याच्याबरोबर जायचे नसल्याचे त्या मुलीने सांगितले. तिचे वय दहा-अकरा वर्षांचे होते. दिल्लीत विमान उतरले, पोलिसांनी त्या माणसाला अटक केली आणि प्रकरण देशभर गाजले. पुढे त्याला जामीन मिळाला आणि तो भारत सोडून गेला. मुलीचे मात्र सगळे आयुष्य लोकांच्या नजरेत आले. तिचे नाव त्या काळी सर्वत्र छापले गेले. ते मी इथे मुद्दाम देत नाही.

हे प्रकरण अचानक उद्भवलेले नव्हते. त्याआधी नऊ वर्षे, १९८२ मध्ये, सागर सरहदी यांचा ‘बाजार’ हा हिंदी चित्रपट आला होता. आखातात पैसा कमावलेल्या माणसासाठी हैदराबादेतली गरीब मुलगी ‘पसंत’ केली जाते, ही त्याची कथा. स्मिता पाटील, नसीरुद्दीन शाह, फारुक शेख आणि सुप्रिया पाठक यांनी त्यात कामे केली होती. म्हणजे विमानातल्या मुलीची बातमी येण्यापूर्वी जवळजवळ एक दशक हा व्यवहार सर्वांना माहीत होता. माहीत असूनही तो चालू राहिला, कारण त्याच्यावर लग्नाचे पांघरूण होते.

सप्टेंबर २०१७ मध्ये हैदराबाद पोलिसांनी पुन्हा एक मोठी टोळी पकडली. अटक झालेल्यांत ओमान आणि कतारचे नागरिक होते, दलाल होते, लॉज चालवणारे होते आणि निकाह लावणारे काझीही होते. त्यांत मुंबईतला एक काझी होता. मुलगी हैदराबादची, गिऱ्हाईक आखातातले आणि लग्नाचे प्रमाणपत्र मुंबईचे, अशी ही साखळी होती. १९९१ आणि २०१७ या दोन घटनांमध्ये सव्वीस वर्षांचे अंतर आहे, पण व्यवहाराचा साचा तोच आहे.

साखळी कशी चालते

हा साचा समजून घेतला पाहिजे, कारण तो फक्त हैदराबादेपुरता नाही. पाहुणा पर्यटक म्हणून किंवा उपचारांसाठी येतो. हैदराबादच्या मोठ्या रुग्णालयांमुळे आखातातून येणाऱ्यांची वर्दळ तिथे कायम असते, आणि येणाऱ्यांतले बहुतेक जण खरोखरच उपचारांसाठी येतात. त्या वर्दळीत गिऱ्हाईक हेरणारा एक मोठा दलाल असतो. त्याच्या हाताखाली वस्तीतले छोटे दलाल असतात आणि त्यांत बायका बऱ्याच असतात. कुणाच्या घरात तीन-चार मुली आहेत, कुणाचा बाप अंथरुणाला खिळला आहे, कुणावर सावकाराचा तगादा आहे, ही माहिती त्यांच्याकडे असते. यांतल्या काही बायका स्वतः कधीकाळी अशाच लग्नातून गेलेल्या असतात.

मग मुली दाखवल्या जातात. एखाद्या घरात किंवा लॉजवर दोन-चार जणींना बसवले जाते आणि पाहुणा निवड करतो. रक्कम ठरते. तिच्यातला मोठा वाटा दलालांत वाटला जातो आणि आईबापांच्या हातात थोडे पैसे पडतात. मेहर ही रक्कम इस्लामी विवाहात वधूच्या हक्काची असते, ती तिच्याच मालकीची. करारलग्नात ती तिच्यापर्यंत पोचतच नाही. वयाचा दाखला खोटा तयार होतो. निकाहनाम्यावर सह्या होतात आणि अनेकदा त्याच बैठकीत तारीख न घातलेल्या तलाकच्या कागदावरही मुलीची सही किंवा अंगठा घेतला जातो. म्हणजे लग्न लागते त्याच क्षणी ते मोडण्याची तारीख दुसऱ्याच्या खिशात गेलेली असते.

पाहुणा गेल्यावर तीन गोष्टींपैकी एक घडते. फोनवर तलाक येतो, किंवा काहीच येत नाही आणि मुलगी अधांतरी राहते, किंवा तिला आखातात बोलावून घेतले जाते. तिसरी शक्यता ऐकायला बरी वाटते, पण बऱ्याचदा ती सर्वांत वाईट ठरते. सौदी अरेबियासारख्या देशात परदेशी स्त्रीशी लग्न करायला तिथल्या नागरिकाला सरकारची परवानगी लागते. ती न घेता भारतात लावलेल्या लग्नाला तिथे मान मिळत नाही. त्यामुळे मुलगी पत्नी म्हणून जाऊ शकत नाही आणि घरकामगाराच्या व्हिसावर नेली जाते. तिथे तिची ओळख मोलकरीण एवढीच राहते आणि तिचा पासपोर्ट मालकाच्या ताब्यात जातो. मूल झाले तर त्याच्या बापाचा पत्ता शोधायचा कुठे, हा प्रश्न त्या आईच्या आणि आजीच्या पदरात पडतो.

एकदा असे लग्न झालेल्या मुलीला दुसरे स्थळ मिळणे अवघड जाते. वस्तीत तिची बदनामी होते आणि दलाल नेमका त्याच वेळी परत येतो. त्याच मुलीची दोनदा, तीनदा अशी लग्ने लावली जातात. तिच्या निराधारपणातून त्याची पुढची कमाई होते.

हा धर्माचा प्रश्न आहे का

हैदराबादची ही लग्ने मुस्लिम समाजातली आहेत, म्हणून धर्मच त्यांना कारण आहे असा समज सहज होतो. तो तपासून घेतला पाहिजे. ठरावीक मुदतीचा विवाह, ज्याला मुतआ म्हणतात, तो शिया पंथाच्या इस्ना अशरी शाखेत मान्य आहे. सुन्नी पंथात तो मान्य नाही. भारतातले बहुसंख्य मुसलमान सुन्नी आहेत आणि आखातातून येणारी ही गिऱ्हाईकेही बहुतांशी सुन्नीच असतात. म्हणजे ज्या धर्माच्या नावाने हा व्यवहार होतो, त्याचेच नियम त्यात मोडले जातात. मुतआ आणि मिस्यार (ज्यात पत्नी आपले काही हक्क सोडून देते) या विवाहप्रकारांना आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली ती हैदराबादच्या एका मुस्लिम नागरिकाकडूनच. २०१८ मध्ये न्यायालयाने बहुपत्नीत्व आणि निकाह हलाला यांच्याबरोबर तो प्रश्नही घटनापीठाकडे सोपवला.

या व्यवहाराविरुद्ध उभे राहिलेले लोकही त्याच समाजातले आहेत. हैदराबादच्या जुन्या शहरात उर्दू कवयित्री जमीला निशात यांनी ‘शाहीन’ ही संस्था उभी केली आणि करारलग्नांत अडकलेल्या मुलींसाठी काम केले. महाराष्ट्रात हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला आणि १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. लग्न आणि तलाक यांतला पुरुषाचा एकतर्फी अधिकार हा या मंडळाच्या कामाचा केंद्रबिंदू होता.

जगाकडे पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. १९६७ मध्ये थायलंड आणि अमेरिका यांच्यात एक करार झाला. व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या अमेरिकी सैनिकांना सुटीसाठी थायलंडमध्ये येऊ देण्याचा तो करार होता. पट्टायासारख्या गावांचे रूप त्यातून पालटले. सैनिक गेले आणि त्यांच्या जागी पर्यटक आले. फिलिपिन्समध्ये परदेशी पुरुषांसाठी टपालाने वधू जुळवण्याचा धंदा इतका वाढला की १९९० मध्ये त्यावर कायद्याने बंदी घालावी लागली. दक्षिण कोरियात व्हिएतनामसारख्या देशांतून वधू आणणारे दलाल एवढे माजले की २००७ मध्ये त्यांच्यावर नियंत्रणाचा कायदा झाला. इंडोनेशियात डोंगराळ पुंचाक भागात मध्यपूर्वेतल्या पर्यटकांशी मुदतीची लग्ने लागतात. इजिप्तमध्ये उन्हाळी सुटीपुरती लग्ने लागतात. तिथल्या सरकारने २०१५ मध्ये नियम केला की परदेशी वर वधूपेक्षा पंचवीस किंवा त्याहून अधिक वर्षांनी मोठा असेल तर त्याने तिच्या नावे पन्नास हजार इजिप्शियन पौंडांची गुंतवणूक प्रमाणपत्रे घ्यावीत. मुलीचे संरक्षण व्हावे हा त्यामागचा हेतू सांगितला गेला. सरकारनेच किंमत ठरवून दिली, अशी टीका तिथल्या स्त्री संघटनांनी केली.

बौद्ध, ख्रिस्ती, मुस्लिम, सगळ्या देशांत हे घडले आहे. समान असतात त्या तीन गोष्टी: दोन देशांतली श्रीमंतीची दरी, मधला दलाल आणि खरेदीला प्रतिष्ठा देणारा एखादा कागद.

इंग्रजी राजवटीत तर हा कागद सरकारी होता. गोऱ्या फौजेसाठी छावण्यांत लाल बाजार चालत आणि तिथल्या हिंदी स्त्रियांची नोंद व तपासणी होत असे. १८८६ मध्ये फौजेच्या वरिष्ठ कार्यालयाने एक परिपत्रक काढले. पलटणींच्या बाजारांत पुरेशा आणि आकर्षक स्त्रिया असतील अशी व्यवस्था करा, असा त्याचा आशय होता. दोन वर्षांनी ते उघडकीस आले आणि इंग्लंडमध्ये गदारोळ झाला. तपासणी व्हायची ती फक्त स्त्रियांची, गोऱ्या शिपायांची नाही. रोगापासून वाचवायचे होते ते फौजेला.

गरिबी कुठून आली

हैदराबादच्या जुन्या शहरातली गरिबी आणि मराठवाडा यांचा जुना संबंध आहे. नांदेड आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेले लातूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. रझाकारांचा नेता कासिम रझवी लातुरात वकिली करत असे. रझाकारांच्या अत्याचारांनी गावेच्या गावे होरपळली. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर सूडाची लाट आली आणि तिच्यात सामान्य मुसलमान भरडले गेले. पंडित नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातुरातल्या सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार मागे उरल्याचे समितीने नोंदवले. अनेक जण मारले गेले आणि बाकीचे सर्वस्व गमावून पळून गेले. अशी उद्ध्वस्त कुटुंबे, विधवा आणि अनाथ मुले हैदराबाद शहराकडे गेली.

त्याच सुमारास निजामाचे सैन्य मोडीत निघाले, १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या आणि त्या व्यवस्थेवर पोट असलेली शिपाई, कारकून, नोकर-चाकर मंडळी उघड्यावर आली. जहागिरी जाणे न्याय्यच होते, पण त्यांच्या आश्रयाने जगणाऱ्या गरिबांना पर्यायी काम कुणी दिले नाही. पंचवीस वर्षांनी, १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव चौपट झाले. आखातात पैसा आला आणि हैदराबादचे हजारो तरुण तिकडे कामाला गेले. जाण्या-येण्याचा रस्ता तयार झाला तसे त्याच रस्त्याने गिऱ्हाईक उलट दिशेने येऊ लागले.

एक गोष्ट इथे वेगळी काढून सांगितली पाहिजे. मराठवाड्यात चाऊस समाज आहे. येमेनच्या हदरामौत प्रांतातून निजामाच्या फौजेत आलेल्या अरब शिपायांचे ते वंशज. त्या शिपायांनी इथे लग्ने केली, घरे बांधली, इथली बोली आपली केली. त्यांची मुले इथेच वाढली आणि इथल्याच मातीत मिसळली. परदेशी पुरुष आणि इथली स्त्री यांचे नाते म्हणजे खरेदीच, असे कुणी समजू नये म्हणून हे उदाहरण महत्त्वाचे आहे. पुरुष राहिला, त्याने जबाबदारी घेतली, स्त्रीला आणि मुलांना नाव व हक्क मिळाले, तर ते लग्न असते. करारलग्नात यातले काहीच नसते.

गोव्याने काय शिकवले

परदेशी पर्यटक आणि शोषण यांचा प्रश्न कायद्याच्या भाषेत सर्वांत नेमका मांडला तो गोव्याने. १९९१ मध्ये मडगावात फ्रेडी पीट्स या माणसाला अटक झाली. अनाथ मुलांसाठी आश्रय चालवण्याच्या नावाखाली तो मुलांना परदेशी पर्यटकांच्या हवाली करत होता. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. या प्रकरणाने गोवा हादरला आणि २००३ मध्ये गोवा बाल कायदा आला. लहान मूल कुटुंबीयांबरोबर नोंद झालेले नसेल तर त्याला हॉटेलच्या खोलीत प्रवेश देता येणार नाही, अशी तरतूद त्यात आहे. जबाबदारी हॉटेलच्या मालकावर आणि व्यवस्थापकावर टाकलेली आहे. ज्याच्या जागेत गुन्हा घडू शकतो त्याने डोळे उघडे ठेवले पाहिजेत, हे तत्त्व या कायद्याने रुजवले.

गोव्याचा दुसरा धडा कटू आहे. वास्कोजवळच्या बायणा किनाऱ्यावर वेश्यावस्ती होती आणि मुरगाव बंदरातले खलाशी तिथे येत. जून २००४ मध्ये सरकारने ती वस्ती पाडली. तिथल्या स्त्रिया मुख्यतः कर्नाटक, आंध्र अशा शेजारच्या राज्यांतून आलेल्या होत्या. घरे पाडताना त्यांच्या जगण्याची सोय आधी झाली नव्हती. धंदा थांबला नाही, तो विखुरला आणि दिसेनासा झाला. स्त्रियांपर्यंत पोचणे त्यामुळे आणखी अवघड झाले. वस्ती उठवल्याने शोषण उठत नाही, हे महाराष्ट्रातल्या नगरपालिकांनी आणि पोलिसांनीही लक्षात घ्यावे.

कायदा काय म्हणतो

प्रथम एक फरक स्पष्ट करतो. सज्ञान स्त्रीने स्वेच्छेने देहविक्रय करणे हा भारतात मुळात गुन्हा नाही. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा कुंटणखाना चालवणाऱ्याला, दलाली करणाऱ्याला आणि तिच्या कमाईवर जगणाऱ्याला शिक्षा देतो. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मस्कर प्रकरणात सांगितले की या स्त्रियांनाही सन्मानाने जगण्याचा घटनादत्त हक्क आहे आणि पोलिसांनी त्यांचा छळ करू नये. त्यामुळे हा लेख त्या स्त्रियांविरुद्ध नाही. प्रश्न आहे फसवून, विकून किंवा वय लपवून नेलेल्या मुलींचा.

अठरा वर्षांखालच्या मुलीची संमती कायदा संमती मानत नाही. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा आरोपीचा किंवा मुलीचा धर्म पाहत नाही. पूर्वी पत्नी पंधरा वर्षांवरची असेल तर पतीला बलात्काराच्या कलमातून सूट होती. ११ ऑक्टोबर २०१७ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ती वयोमर्यादा अठरा केली आणि नव्या भारतीय न्याय संहितेतही ती अठराच आहे. म्हणजे निकाहनामा दाखवून किंवा सप्तपदीचे फोटो दाखवून सुटका होत नाही.

बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा आहे. त्यातले बारावे कलम फार कमी लोकांना माहीत असते. साधारणपणे बालविवाह हा आपोआप रद्द ठरत नाही, मुलीला तो न्यायालयाकडून रद्द करून घ्यावा लागतो. पण मुलीला फूस लावून नेले असेल, जबरदस्ती केली असेल किंवा लग्नासाठी विकले असेल, तर ते लग्न मुळातच शून्य ठरते. लग्नासाठी विक्री या व्यवहाराला कायद्याने असे थेट नाव दिले आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये मानवी तस्करीची शिक्षा आहे आणि अल्पवयीन मुलीच्या बाबतीत ती दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाते. शोषणासाठी मुलीची भरती करणारा, तिला नेणारा, आसरा देणारा आणि ताब्यात घेणारा, असे सगळे त्या कक्षेत येतात.

कायद्याचा कमकुवत दुवा सीमेवर आहे. परदेशी आरोपी देशाबाहेर गेला की खटला थांबल्यातच जमा असतो. १९९१ च्या विमानातल्या प्रकरणात हेच घडले. ऑस्ट्रेलियाने १९९४ मध्ये आणि अमेरिकेने २००३ मध्ये आपल्या नागरिकांनी परदेशात मुलांवर केलेल्या अशा गुन्ह्यांसाठी मायदेशी खटला चालवण्याची तरतूद केली. जिथे अशी तरतूद नाही तिथे आरोपी विमानात बसण्यापूर्वीच त्याला अडवावे लागते. म्हणून खबर वेळेवर देण्याला एवढे महत्त्व आहे.

आपल्या टोकाला

आता मराठवाड्याकडे येऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९ ते २०२१ च्या काळात, महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या सुमारे बावीस टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झाले होते. परभणीत हे प्रमाण अठ्ठेचाळीस टक्के आणि बीडमध्ये सुमारे चव्वेचाळीस टक्के होते. लातूर आणि नांदेड याच पट्ट्यात आहेत.

यामागे ऊसतोडीचे अर्थकारण आहे. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडी झाली की उचल मिळते, म्हणून हंगामापूर्वी घाईने लग्ने उरकली जातात. आईबाप सहा महिने कारखान्याच्या पट्ट्यात असताना वयात आलेल्या मुलीला गावात कुणाच्या भरवशावर ठेवायचे, ही त्यांची काळजीही खरी असते. पण परिणाम असा होतो की मुलीचे लग्न हा पैशाचा व्यवहार आहे, हे घराला सवयीचे होऊन जाते. हुंडा द्यावा लागत नाही, उलट समोरचा खर्च करतो म्हणतो, लवकर उरकू म्हणतो, स्थळ लांबचे आहे, अशा गोष्टी ऐकून संशय यायला हवा तिथे सुटकेचा श्वास सोडला जातो. दलालाला हीच जागा हवी असते. स्थळ हैदराबादचे असो, राजस्थानचे असो की परदेशातले, दार तेच असते.

दुष्काळ आणि आपत्ती या दाराला धक्का देतात. किल्लारीच्या भूकंपानंतर अनाथ आणि निराधार झालेल्या मुलांचे काय होणार, ही चिंता मोठी होती. तेव्हा शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्याला नेऊन त्यांच्या राहण्याची आणि शिक्षणाची सोय केली. मुलांना वेळेवर आसरा आणि शाळा मिळाली की त्यांना पळवणाऱ्याचा मार्ग बंद होतो, हे लातूरकरांनी स्वतः पाहिले आहे.

आज त्यासाठी लागणारी साधने गावातच आहेत. महाराष्ट्रात गावपातळीवर ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे आणि अंगणवाडी सेविका त्याला मदत करते. विवाह नोंदणीच्या १९९८ च्या महाराष्ट्र कायद्यात विवाह मंडळांवर नियंत्रणाचीही तरतूद आहे. म्हणजे लग्न जुळवून पैसे घेणाऱ्याला नोंदणी विचारण्याचा अधिकार समाजाला आहे. हॉटेल-लॉजमध्ये परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांत त्याची माहिती कळवणे बंधनकारक आहे. नांदेडच्या लॉजवाल्यांना यात्रेकरूंमुळे ही पद्धत चांगली ठाऊक आहे. त्याच नोंदवहीत पाहुण्याबरोबरच्या मुलीचे वय आणि नातेही पाहिले गेले पाहिजे. मुलांसाठी १०९८, स्त्रियांसाठी १८१, तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि रेल्वेत १३९ हे क्रमांक चोवीस तास चालतात. स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न कितीही असले तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.

लांबचे स्थळ आले तर विचारायचे प्रश्न साधे आहेत. वराचे मूळ कागदपत्र कुणी पाहिले? त्याच्या गावी आपल्यापैकी कुणी जाऊन आले का? मध्यस्थ पैसे कशाचे घेतो? लग्नाची नोंदणी कुठे होणार? मुलीशी एकटीने बोलून तिचे म्हणणे कुणी ऐकले का? वर परदेशी किंवा परदेशस्थ असेल तर त्याचा व्हिसा कोणत्या कामाचा आहे आणि त्याच्या देशात हे लग्न कायदेशीर ठरते का, हेही विचारलेच पाहिजे. परदेशस्थ भारतीयांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करावी, अशी शिफारस विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली, ती याच फसवणुकीच्या अनुभवावरून.

काझी, भटजी, भन्ते, गुरुजी, मंडपवाला, फोटोग्राफर, छापखानेवाला, या सर्वांनी वयाचा दाखला पाहिल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नये. बालविवाह लावणारा आणि त्याला हातभार लावणारा, दोघेही कायद्याने दोषी ठरतात. जात-पंचायत, मशीद कमिटी आणि मंदिराचे विश्वस्त यांनी हे जाहीरपणे सांगितले तर त्याचा परिणाम पोलिसांच्या धाडीपेक्षा जास्त होईल.

आणि सर्वांत मोठे काम शाळेचे आहे. लातूर पॅटर्नचे नाव राज्यभर आहे. दूरदूरची मुले तिथे डॉक्टर-इंजिनिअर होण्यासाठी येतात. त्याच जिल्ह्यातल्या तांड्यावरची आणि वाडीवरची मुलगी सातवी-आठवीनंतर शाळेतून गळते, कारण पुढची शाळा लांब आहे. एसटीचा मोफत पास देणारी अहिल्याबाई होळकर योजना आहे, पण पासाबरोबर शाळेच्या वेळेला गाडीही यायला हवी. ऊसतोडीच्या हंगामात मुलींसाठी वसतिगृहे हवीत आणि ती ऑक्टोबरच्या आधी सुरू व्हायला हवीत, कारण टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात. शाळेच्या पटावरून एखादी मुलगी न सांगता गायब झाली, तर शिक्षकाने त्याच आठवड्यात तिच्या घरी जाऊन चौकशी करावी आणि उत्तर पटले नाही तर १०९८ ला फोन करावा. दलाल जसा घराघराची खबर ठेवतो, तशी ती शाळेने, अंगणवाडीने आणि ग्रामपंचायतीनेही ठेवली पाहिजे. मुलगी गावात आहे तोवर तिला वाचवायला एक फोन पुरतो. ती सीमा ओलांडून गेली की पोलीस, वकील आणि वकिलात मिळूनही बऱ्याचदा तिच्यापर्यंत पोचू शकत नाहीत.